विंचवाचं बिऱ्हाड आंजर्ल्याला

माझा मेव्हणा अमेरिकेत राहतो. नुसता राहिला असता तर माझी काही तक्रार नव्हती, पण तो तिथून फोटो पाठवतो.

मागच्या वर्षी त्याने तिकडे 'आरव्ही' भाड्याने घेतली. आरव्ही म्हणजे पलंग, ओटा, फ्रिज, न्हाणी, संडास असं सगळं पोटात घेऊन फिरणारी लांबलचक गाडी. ती घेऊन कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याने जाताना हा मॉण्टेरे नावाच्या गावाला थांबला. फोटोत धक्क्यावर सी लायन गोण्या टाकल्यासारखे पडलेले. समुद्रात पाणमांजरं उताणी तरंगतायत आणि पोटावर दगड ठेवून त्यावर शिंपले फोडतायत. ह्या सगळ्याच्या अलीकडे खुर्ची टाकून, हातात कॉफीचा मग धरून मेव्हणा, आणि मागे त्याचं चाकांवरचं घर. बायकोने फोटो मोठा करून पाहिला. आधी पाणमांजर, मग भाऊ, आणि मग मान वर करून मी. मी सोफ्यावर आडवा होऊन, पोटावर ताटली ठेवून भेळ खात होतो.

"पाणमांजर बघायला अमेरिकेला कशाला जायला हवं," ती म्हणाली.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण "आपल्याकडेही आहे आता हे. सरकारने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण काढलंय," असं मी बोलून गेलो. माहिती असणं आणि ती न सांगणं ह्या दोन गोष्टी पुण्याच्या माणसाला एकत्र जमत नाहीत. पंधरा दिवसांत गाडी ठरली. मार्च महिना, शनिवार-रविवार, मुक्काम आंजर्ले. कारण आमची कन्या. ती दुर्बीण गळ्यात घालूनच जन्माला आली असावी, आणि आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर तेव्हा कासवाची पिल्लं निघत होती.

शुक्रवारी रात्री कर्वेनगरात आमच्या सोसायटीच्या दारात ते प्रकरण येऊन उभं राहिलं. टेम्पो ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेलं पांढरं घर, सोबत चालक आणि सत्तावीस नियमांची पुस्तिका. उंची अशी की फाटकाची कमान आडवी आली. सेक्रेटरी चष्मा पुसत खाली आले, एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, "हे वाहन समजायचं की बांधकाम? वाहन असेल तर पाहुण्यांच्या पार्किंगचे पैसे पडतील. बांधकाम असेल तर कमिटीची एनओसी लागेल." आईचीही अडचण तीच होती, फक्त खातं वेगळं. नारळ, हळद-कुंकू घेऊन ती उभी होती. "गाडी असेल तर चाकाखाली लिंबू ठेवते. घर असेल तर वास्तुशांत नको का?" शेवटी लिंबूही ठेवलं आणि उंबरठाही पुजला. उंबरठा म्हणजे लोखंडी पायरी.

एरवी कोकणात जाताना आमच्या दोन बॅगा असतात. ह्या वेळी 'स्वयंपाकघर आहेच' ह्या एका वाक्याने घात केला. पोळपाट-लाटणं, दाण्याचं कूट, मेतकूट, साजूक तुपाची बरणी, उपासाचं वेगळं तेल, वेगळी कढई. शनिवारी एकादशी होती. खलबत्ता कुणी आणि का घेतला ते अजून उघड झालेलं नाही. हे सगळं चढत असताना बायको शांतपणे बघत होती. शेवटचा डबा आत गेल्यावर तिने निवेदन केलं, "एक सांगून ठेवते. स्वयंपाकघर ट्रिपला येतंय. मीही येतेय. पण आम्ही दोघं वेगवेगळे येतोय."

पहाटे पाचला निघायचं म्हणून साडेसहाला निघालो. चालकदादा अबोल माणूस. कुठल्याही प्रश्नाला त्यांचं उत्तर एकच: "होतंय." घाटातून जाईल ना? होतंय. एसी चालेल ना? होतंय. हा शब्द मला फार धीर देई.

पौड गेलं, मुळशीचं पाणी दिसलं आणि ताम्हिणी लागला. घरात बसून घाट उतरण्याचा अनुभव कुणी घेतला नसेल तर घेऊ नये. साध्या गाडीत वळण आलं की माणसं कलतात. इथे माणसांना पट्टे बांधलेले होते, त्यामुळे कलण्याचं काम संसाराने केलं. डाव्या वळणाला उजवीकडचे खण उघडत आणि उजव्या वळणाला डावीकडचे. वाट्या स्वयंपाकघरातून निघून बेडरूममध्ये जात, तिथे जरा थांबून परत येत. खलबत्ता कुठे ठेवलाय ते कुणालाच आठवत नव्हतं, फक्त तो गडगडल्याचा आवाज येई. एका वळणाला फ्रिजने दार उघडून दही सांडलं, पुढच्याला दाण्याच्या कुटाचं झाकण निघालं आणि जमिनीवर आपोआप कोशिंबिरीची तयारी झाली. आई डोळे मिटून रामरक्षा म्हणत होती. मध्येच एक डोळा उघडून म्हणाली, "अरे, घर हलतंय."

माझी अडचण वेगळीच होती. गाडीत संडास आहे म्हणून मी निघताना बेफिकीर चहा प्यायलो होतो, आणि घाटात त्या खोलीत उभं राहण्याची प्राज्ञा नव्हती. नियम क्रमांक पाच: चालत्या गाडीत वापर करू नये. गाडी थांबवायला जागा नव्हती. माझी चुळबुळ बघून आई म्हणाली, "आपण ज्यांच्या नावाच्या नगरात राहतो ते अण्णासाहेब कर्वे मुरुडाहून साताऱ्याला परीक्षेला चालत गेले होते. कुंभार्ली घाट चढून. आणि तिथे साहेबाने 'वय लहान दिसतं' म्हणून परत पाठवलं. तुला माणगावपर्यंत दम निघत नाही?" दोन्ही गोष्टींचा संबंध मला तेव्हा लागला नाही आणि आजही लागत नाही, पण माणगावपर्यंत दम निघाला.

आंबेतला सावित्रीचा पूल ओलांडला, मंडणगड मागे टाकलं, दापोलीला पोचलो. पुढे मुरुडचा फाटा आल्यावर आईने कर्व्यांच्या गावाच्या दिशेने हात जोडले आणि माझ्याकडे सूचक पाहिलं. मग रस्ते आखडायला लागले. कोकणातल्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, गडग्यांच्या वरून फणसाच्या फांद्या आणि फांद्यांच्या वरून विजेच्या तारा. हे सगळं बैलगाडीच्या मापाने बेतलेलं आहे आणि त्यात एसटीने हट्टाने जागा केलीय. त्या जागेत आम्ही. एका वळणावर समोरून एसटीच आली. तिचा ड्रायव्हर खिडकीतून बाहेर वाकला, आमच्या घराच्या पडद्यांकडे, पडद्याआडून डोकावणाऱ्या आईकडे आणि नळाशेजारी वाळत घातलेल्या पंचाकडे बघत राहिला. "बिऱ्हाड हलवताय?" त्याने विचारलं. मग दोन पोरं आंबे काढायच्या झेल्याचा बांबू घेऊन आली, तार वर उचलून धरली आणि आम्ही तिच्याखालून, वरातीतून नवरा निघावा तसे, मान खाली घालून निघालो.

हर्णै बंदरापाशी समुद्र दिसला. पलीकडे पाण्यात सुवर्णदुर्ग बसलेला. ओहोटी होती. होड्या लांब उभ्या होत्या आणि त्यांच्यातली मासळी आणायला बैलगाड्या थेट पाण्यात उतरल्या होत्या. बैल पोटापर्यंत पाण्यात, चेहऱ्यावर मात्र लक्ष्मी रोडला उभं असल्यासारखा निर्विकार भाव. मुलीने डोक्यावरून उडणारे पांढरे पक्षी दाखवले. मी "वा, सीगल" म्हटलं. "कुरव म्हण बाबा. हिवाळ्यात येतात. ह्यांतले काही लडाखकडून येतात आणि आता थोड्या दिवसांत परत जातील." मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. लडाखहून आले होते आणि एकाकडेही खलबत्ता नव्हता.

ते बैल आणि ते पाणी ह्यांचं चित्र माझ्या डोक्यात राहिलं. पुढचं जे काही झालं, त्याचं मूळ तिथे आहे.

आंजर्ल्यात एका काकांच्या वाडीत गाडी लावायची सोय मी फोनवर केली होती. ते घरी पाहुणे ठेवतात. आमचा संवाद असा झाला होता:

"किती माणसं? खोल्या दोन लागतील?"

"खोली नको काका. आमचं घर आहे."

"आंजर्ल्यात? कुणाचं?"

"नाही, पुण्याहून घेऊन येतोय."

पलीकडे बराच वेळ नुसता समुद्राचा आवाज आला. मग ते म्हणाले, "या."

खवचटपणा पुण्यात पिकतो असा आमचा समज. मूळ बियाणं कोकणातलं, हे त्या दोन दिवसांत कळलं. काका पंचाहत्तरीचे, काटक, गुडघ्यापर्यंत पंचा. माडाखाली गाडी लावू लागलो तर म्हणाले, "जरा पुढे घ्या. नारळाला डोळे असतात, माणूस बघून पडत नाही. पण ह्याला तो काय समजेल सांगता येत नाही." मग आम्ही त्यांच्या पडवीतल्या प्लगला गाडीची वायर जोडली आणि एसी लावला. पंखा गेला, पाण्याचा पंप गेला, शेजारच्या घरातून "लाइट गेली काय रे?" अशी हाक आली. काकांनी वायर काढली, गुंडाळली आणि माझ्या हातात ठेवली. "इकडे वारा असतो," एवढंच म्हणाले.

पुण्याहून मी मेव्हण्याला फोटो कबूल केला होता. पण त्याआधी जरा पाठ टेकावी म्हणून आई खालच्या पलंगावर आडवी झाली आणि आम्ही तिघं काकूंच्या हातचं कोकम सरबत प्यायला पडवीत गेलो. जाताना उकडतंय म्हणून मी छताची खिडकी उघडी ठेवली. थोड्या वेळाने आतून आईचा आवाज आला, "पुरे झालं. मग रात्री वात धरतो तुला." मी पडवीत होतो. माझ्या हातात सरबत होतं. पुन्हा आवाज आला, "ऐकू येतंय का? ठेव ती बाकरवडी." मग शांतता. आई नंतर म्हणाली की मी उलट उत्तर दिलं नाही तेव्हाच तिला शंका आली.

ओट्यावर लाल तोंडाचं एक दांडगं माकड बसलं होतं. फ्रिज उघडा. बाकरवडीचं पाकीट संपवून ते साजूक तुपाच्या बरणीचं झाकण फिरवत होतं, तेसुद्धा बरोबर दिशेने. "वानर, वानर!" मी ओरडलो. "वानर नाही बाबा, माकड. वानराचं तोंड काळं असतं," मुलीने दुर्बिणीतून बघत सुधारलं. अंतर सहा फूट. काका बेचकी घेऊन आले तेव्हा ते आल्या वाटेने छतातून निघून गेलं, तूप घेऊन. काका त्याच्याकडे बघत म्हणाले, "आमचे नारळ, फणस, केळी सगळं खाऊन झालंय त्याचं. साजूक तूप ह्या वाडीत पहिल्यांदाच आलं."

चार वाजले. फोटोची वेळ झाली. मेव्हण्याच्या फोटोत गाडीच्या दारातून समुद्र दिसतो, काकांच्या वाडीतून सुपारी दिसत होती. मी दादांना म्हटलं, जरा सुरूच्या बनाच्या पुढे घेऊ, वाळूवर, पाच मिनिटं. हर्णैला बैल जातात ते पाहिलं ना आपण? दादांनी वाळूकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "होतंय."

फोटो फार छान आला. गाडी मागे घेताना मागची चाकं जागच्या जागी फिरली आणि वाळूत उतरली. पुन्हा प्रयत्न, आणखी खाली. दादा उतरले, वाकून पाहिलं आणि दोन दिवसांत पहिल्यांदाच वेगळं क्रियापद वापरलं. "होत नाही."

मी पुस्तिका काढली. नियम क्रमांक चौदा: वाळूवर गाडी नेऊ नये. मग भरतीची वेळ बघायला मोबाइल काढला. रेंज नव्हती. तोवर काका येऊन पोचले होते, कारण गावात बातमी चालत येत नाही, पळत येते. "मोबाइल कशाला?" ते म्हणाले. "आज तिथी काय?"

"एकादशी," आई म्हणाली. ती उपाशी होती, तिला विचारावं लागलं नाही.

"अकराची पाऊणपट सव्वाआठ. सव्वाआठला पूर्ण भरती. आता साडेचार. म्हणजे बघा." समुद्रावरच्या माणसांचा हा जुना हिशेब, तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास निघतो. पौर्णिमा असती तर सव्वाअकरा आले असते. कालनिर्णय मी आजवर उपास आणि सुट्ट्या ह्यांपलीकडे पाहिलेलं नाही. समुद्र त्यावर चालतो हे ऐकून मला घाम फुटला.

तेवढ्यात गावातले एक कासवमित्र तिथे आले. कासवांची अंडी शोधणं, ती जपणं हे काम किनाऱ्यावरची जी मंडळी करतात त्यांना तिकडे कासवमित्र म्हणतात. तरणा मुलगा. तो आवाज न चढवता बोलला, त्यामुळे जास्त लागलं. "साहेब, रात्री मादी इथेच वर येते. हात-दीड हात खोल खड्डा करून शंभरेक अंडी घालते, बुजवते आणि जाते. आम्हाला सगळी घरटी सापडतातच असं नाही. तुमचं चाक कुठल्या घरट्यावर आहे, ते तुम्हाला माहिती आहे?"

मला माहिती नव्हतं. मुलगी माझ्यापासून चार पावलं लांब जाऊन उभी राहिली, म्हणजे कुणाला आम्ही एका घरातले वाटू नये. त्या मुलाने गुडघे टेकून चाकांभोवतीची वाळू हाताने चाचपली, मादीच्या वल्ह्यांच्या खुणा दिसतात का ते पाहिलं. खाली काही नव्हतं. मग तोच म्हणाला, "आता काढू या तुम्हाला."

आधी बैलजोडी आली. बैलांनी गाडीकडे एकदा पाहिलं आणि ते परत वळले. त्यांना कुणी दोष दिला नाही. मग ट्रॅक्टर आला. वजन कमी करा असं ठरलं म्हणून गोड्या पाण्याची भरलेली टाकी सोडून दिली. टायरमधली हवा कमी केली, चाकांखाली झावळ्या घातल्या, दोर बांधला. निम्मं आंजर्ले जमलं होतं. दुरून घाट बघितल्यासारखी माणसं पुळणीवर बसली होती आणि सूचना देत होती. मी, दादा, कासवमित्र आणि सहा अनोळखी माणसं मागून ढकलत होतो. आतून खलबत्ता गडगडल्याचा आवाज आला आणि घर सुटलं. सहा वाजून गेले होते. साडेसातला मी परत जाऊन बघितलं, आमच्या चाकांच्या खड्ड्यांत समुद्र होता.

आता हिशेब असा: टाकी रिकामी, म्हणून नळ नाही. वायर जोडायची नाही, म्हणून दिवा नाही. बायको ठरल्याप्रमाणे स्वयंपाकघरापासून वेगळी आलेली. आम्ही सगळे काकूंच्या पडवीत पंगतीला बसलो. आईला साबुदाण्याची खिचडी, वर ओलं खोबरं. आम्हाला तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं. आंघोळी काकांच्या विहिरीच्या पाण्याने. निजायला पडवीतच चटया, कारण गाडीत भट्टी झाली होती. दादा तर जेवल्याबरोबर दोन माडांच्या मध्ये बांधलेल्या झुल्यात पडले आणि त्यांचं घोरणं समुद्राशी ताल धरून चालू झालं. चाकांवरचं घर अंगणात कुलूप लावून उभं होतं. मी त्याचं दोन दिवसांचं भाडं भरलं होतं, आणि आता पडवीचंही भरणार होतो.

राहिला नियम क्रमांक नऊ: संडासाची टाकी ग्राहकाने स्वतः रिकामी करावी. मेव्हण्याकडे म्हणे मुक्कामाच्या जागीच त्यासाठी खास तोंड बांधलेलं असतं, नळी लावली की झालं. रात्री दहाला, सगळे निजल्यावर, मी ती टाकी बाहेर काढली. तिला प्रवासी बॅगेसारखी छोटी चाकं आणि ओढायची दांडी असते. अंगणातून ती ओढत नेताना काकांचा विजेरीचा झोत माझ्यावर पडला.

"कुठे निघालात?"

मी सांगितलं. परसातल्या तुमच्या टाकीत ओतू का, असंही विचारलं. "निळं काय दिसतंय त्यात?" त्यांनी विचारलं. वास मारायचं औषध, मी म्हणालो. ते जरा थांबले. "तसलं औषध नको माझ्या टाकीत. पलीकडे विहीर आहे. तुमचं तुम्हीच न्या." ह्यावर मला काही बोलता आलं नाही, कारण त्यांचंच बरोबर होतं. तो ऐवज पुण्याला परत न्यायचं ठरलं. टाकी पुन्हा जागेवर बसवताना मला मॉण्टेरेचं ते पाणमांजर आठवलं. पोटावर एक दगड, बास.

सकाळी सहाला किनाऱ्यावर गेलो. चालत. जाळीचं कुंपण घातलेल्या जागेत कासवमित्रांनी किनाऱ्यावरून उचलून आणलेली अंडी पुन्हा तसल्याच खड्ड्यांत पुरलेली होती, कुत्री आणि कोल्ही उकरून खाऊ नयेत म्हणून. प्रत्येक खड्ड्यावर टोपली, शेजारी तारखेची पाटी. दीड-दोन महिन्यांत पिल्लं निघतात. वाळू तापलेली असेल तर माद्या जास्त, थंड असेल तर नर जास्त. हे ऐकून आईने गेल्या तीन पिढ्यांचा हिशेब मांडायला घेतला, कुणाचं बाळंतपण कुठल्या महिन्यात झालं वगैरे, तो आम्ही थांबवला.

काल मला झापणाऱ्या मुलाने टोपली उचलली. खाली वाळू नुसती हलत होती. मग तिच्यातून काळसर, मुठीत मावतील एवढी पिल्लं वर आली. ती पाण्यात नेऊन सोडत नाहीत, पाण्याच्या अलीकडे वाळूवर ठेवतात आणि चालू देतात. दोरीच्या अलीकडे आम्ही पन्नासेक माणसं, एरवी लग्नातही गप्प न बसणारी, श्वास धरून. पिल्लं वल्ही मारत निघाली. एक आमच्याच चाकाच्या जुन्या चरीत पडलं. मी पुढे झालो, तर बायकोने माझा सदरा धरला. ते पिल्लू धडपडलं, उलटं झालं, सुलटं झालं, वर आलं आणि पहिली लाट त्याला घेऊन गेली. ओली वाळू, ओले ठसे, आणि मग तेही गेले.

"ह्यांची आई?" आईने विचारलं.

"ती अंडी घालून तेव्हाच गेली आजी," मुलगा म्हणाला. "२०२२ मध्ये इथल्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाचं यंत्र लावलं होतं. सावनी नाव तिचं. पुढच्या वर्षी गुहागरला बागेश्रीला लावलं, ती तर श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली."

"एकटी?"

"एकटी."

आईने माझ्याकडे पाहिलं. कर्वे आठवले असणार.

नाश्ता करून, काकांचे पैसे देऊन (त्यांनी गाडी लावण्याचे घेतले नाहीत, "एवढी करमणूक झाली," म्हणाले) आम्ही निघालो. एसटी ह्या वेळी आडवी आली नाही. बांबूवाली पोरं मात्र तयारच होती. हर्णै गेलं, दापोली गेली. दापोलीच्या पुढे चार-पाच किलोमीटरवर आईने देवघरासाठी किनाऱ्यावरून वेचलेल्या शंखांचा डबा उघडला आणि किंचाळली.

एक शंख चालत होता. तो डब्याच्या काठावर चढला, ओट्यावर उतरला, जरा थांबला आणि दाण्याच्या कुटाचे राहिलेले कण टिपू लागला. मुलीने वाकून पाहिलं. "हर्मिट क्रॅब आहे हा! ह्याचं मागचं अंग मऊ असतं, स्वतःचं कवच नसतं तिथे. म्हणून गोगलगायीचा रिकामा शंख घेऊन त्यात राहतो. वाढला की तो सोडतो आणि मोठा शोधतो."

"म्हणजे भाड्याच्या घरात," बायको म्हणाली, "सगळं पाठीवर घेऊन, समुद्रावर." आणि माझ्याकडे पाहिलं.

पुण्याला नेला तर मरेल, असं मुलीने सांगितलं. मिठाचं पाणी करून वाटीत ठेवू, असं मी सुचवलं. ह्यावर कुणी बोललंच नाही. दादांनी न सांगता गाडी बाजूला घेतली. मी विचारलं, "परत फिरवता येईल का हो इथे?"

"होतंय," दादा म्हणाले.

पुन्हा दापोली, हर्णै, खाडीवरचा पूल, गडगे, बांबू. मागे निळ्या टाकीतला ऐवज डुचमळत होता आणि उन्हाबरोबर तिचा वास चढायला लागला होता. आई वाटीवर हात धरून बसली होती, खेकड्याला घाटबीट लागू नये म्हणून. काका अंगणात सुपारी निवडत बसले होते. गाडी बघून ते उठलेही नाहीत.

"काय विसरलात?"

मी वाटी पुढे केली. त्यांनी शंखाकडे पाहिलं. मग आमच्या गाडीकडे पाहिलं. मग पुन्हा शंखाकडे.

"ह्याचं घर त्यातल्या त्यात मापाचं आहे," ते म्हणाले. "सोडून या त्याला. आणि आता जेवूनच जा. द्वादशी आहे, तुमच्या आईंचं पारणं व्हायचंय."

बायकोच्या चपला तोवर पडवीच्या पायरीशी निघालेल्या होत्या.